प्लॅस्टिकच्या पोटातले रंग

विद्यार्थ्यांच्या कंपासपेटीतील पट्टी, गुण्या आणि कोनमापक या वस्तू बहुधा पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात. पट्टीखालची अक्षरे स्वच्छ वाचता येतात, म्हणून आपण त्या प्लॅस्टिकला निर्दोष समजतो. परंतु हीच पट्टी संगणकाच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरून ध्रुवक भिंगांच्या गॉगलमधून पाहिली, तर तिच्या अंगावर तांबडे, निळे, हिरवे पट्टे उमटलेले दिसतात. गॉगल काढला की पट्टे नाहीसे होतात आणि पट्टी पूर्ववत रंगहीन होते.

हे रंग येतात कोठून? पट्टीत रंगद्रव्य नाही आणि तिच्यावर कसला लेपही नाही. पट्टी साच्यात तयार होत असताना तिच्यावर जे काही गुजरले, त्याची ती नोंद आहे. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात कोठून शिरले, किती वेगाने धावले, किती दाबाखाली थिजले, हे सारे त्या पट्ट्यांत लिहिलेले असते.

पाठ्यपुस्तकांतून आपण शिकवतो की घनता, द्रवणांक, अपवर्तनांक हे पदार्थाचे गुणधर्म आहेत. ते खरेच आहे. पण प्लॅस्टिकच्या बाबतीत त्याला एक पुस्ती जोडावी लागते: वस्तूचे प्रकाशीय गुण पदार्थावर जितके अवलंबून असतात, तितकेच ती वस्तू कशी घडली यावरही अवलंबून असतात. एकाच पोत्यातील दाण्यांपासून काचेसारखी वस्तूही निघते आणि दुधासारखी पांढुरकीही. हे कसे घडते ते या लेखात पाहू या.

पारदर्शक म्हणजे काय?

एखाद्या वस्तूवर पडलेला प्रकाश तीन प्रकारे वाया जाऊ शकतो. काही भाग पृष्ठभागावरून परत फिरतो, काही पदार्थात शोषला जातो आणि काही आत इतस्ततः विखुरला जातो.

पहिला तोटा टाळता येत नाही, पण मोजता मात्र येतो. प्रकाश पृष्ठभागावर लंब दिशेने पडत असेल, तर अपवर्तनांकातून १ वजा करावा, आलेल्या संख्येला अपवर्तनांक अधिक १ या संख्येने भागावे आणि उत्तराचा वर्ग करावा. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९ आहे. ०.४९ भागिले २.४९ म्हणजे सुमारे ०.१९७ आणि त्याचा वर्ग ०.०३९. म्हणजे एका पृष्ठभागावर सुमारे ३.९ टक्के प्रकाश परततो. प्रकाश आत शिरताना एक पृष्ठभाग आणि बाहेर पडताना दुसरा, म्हणून उत्तम ॲक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश पार जातो. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक १.५८ च्या आसपास असल्याने तेथे हेच उत्तर ९० टक्क्यांच्या जवळ येते. अकरावी-बारावीचे विद्यार्थी हे गणित वर्गात सहज करू शकतील.

शोषण आणि विखुरणे या दोन तोट्यांचे प्रमाण मात्र बऱ्याच अंशी कारखान्यात ठरते. त्यासाठी वस्तू कशी बनते हे आधी पाहावे लागेल.

साच्यातला प्रवास

प्लॅस्टिकच्या असंख्य वस्तू इंजेक्शन मोल्डिंग या पद्धतीने बनतात. डॉक्टर सिरिंजमधून औषध टोचतात, त्याच तत्त्वावर हे यंत्र चालते. प्लॅस्टिकचे दाणे वरच्या नरसाळ्यातून एका तापवलेल्या नळकांड्यात पडतात. नळकांड्यात मोठा स्क्रू फिरत असतो. तो दाण्यांना पुढे ढकलतो, घुसळतो आणि वितळवतो. पुरेसा रस जमला की तोच स्क्रू दट्ट्यासारखा पुढे सरकतो आणि रस पोलादी साच्यात दाबतो. साच्याच्या पोकळीत रस ज्या अरुंद तोंडातून शिरतो, त्याला कारखान्यात ‘गेट’ म्हणतात. पोकळी भरल्यावरही काही काळ दाब कायम ठेवतात, कारण थंड होताना प्लॅस्टिक आकसते आणि ती तूट भरून काढण्यासाठी आणखी थोडा रस आत जावा लागतो. शेवटी वस्तू घट्ट झाली की साचा उघडतो आणि वस्तू बाहेर पडते.

पॉलिकार्बोनेटचे उदाहरण घेतले तर रसाचे तापमान साधारण २८० ते ३२० अंश सेल्सिअस असते आणि साच्याचे ८० ते १२० अंश. म्हणजे रस आपल्यापेक्षा सुमारे दोनशे अंशांनी थंड असलेल्या भिंतींमध्ये शिरतो. पुढची बहुतेक कथा या तफावतीतून जन्माला येते.

कारागिराच्या हाती मुख्यतः पाच गोष्टी असतात: रसाचे तापमान, साच्याचे तापमान, रस भरण्याचा वेग, भरल्यानंतरचा दाब आणि थंड होण्यास दिलेला वेळ. दाणे किती कोरडे आहेत, ही सहावी गोष्ट आधीच ठरलेली असते.

ओल आणि अति उष्णता

शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करू. पॉलिकार्बोनेटचे दाणे दिसायला कोरडे असले, तरी हवेतील थोडी आर्द्रता शोषून घेतात. असे दाणे तसेच यंत्रात टाकले, तर तीनशे अंशांच्या रसात त्या पाण्याची वाफ होते. वस्तूवर गेटपासून पसरलेले चंदेरी चट्टे दिसतात आणि कधी आत बुडबुडे राहतात. याहून वाईट म्हणजे इतक्या तापमानाला पाणी प्लॅस्टिकच्या लांब रेणूंचे तुकडे पाडते आणि वस्तू ठिसूळ होते. म्हणून हे दाणे १२० अंशांच्या गरम हवेत तीन-चार तास वाळवून त्यांतील पाणी ०.०२ टक्क्यांच्या खाली आणावे लागते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत या कामाला आणखीच महत्त्व येते.

रस फार तापला किंवा नळकांड्यात फार वेळ रेंगाळला, तर प्लॅस्टिक करपू लागते. सुरुवातीला ते किंचित पिवळसर होते, म्हणजेच निळा प्रकाश शोषू लागते. पुढे काळे ठिपकेही दिसतात. दूध पातेल्याला लागले की त्याचा रंग बदलतो, तसाच हा प्रकार आहे.

थंड होण्याची घाई आणि स्फटिकांची वाढ

आता विखुरण्याकडे वळू. प्लॅस्टिक हे बहुवारिक असते, म्हणजे त्याचे रेणू हजारो दुव्यांच्या लांबलचक साखळ्या असतात. ॲक्रिलिक, पॉलिस्टायरिन आणि पॉलिकार्बोनेट यांच्या साखळ्या थंड होताना शेवयांच्या गुंत्यासारख्या अस्ताव्यस्त अवस्थेतच थिजतात. सगळीकडे सारखाच गोंधळ असल्यामुळे प्रकाशाला वाटेत कोठे सीमा लागत नाही आणि तो सरळ पार जातो.

पॉलिप्रॉपिलीन आणि पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या साखळ्या नियमित असल्याने संधी मिळाली तर त्या एकमेकींशेजारी घड्या घालून शिस्तीत बसतात आणि स्फटिक तयार होतात. स्फटिकांचे हे पुंजके केंद्रापासून सर्व बाजूंना वाढत गोल होत जातात. स्फटिकी भागात साखळ्या दाटीने बसलेल्या असल्याने तेथील अपवर्तनांक भोवतालच्या भागापेक्षा थोडा वेगळा असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन आहे. पुंजके त्याहून मोठे झाले की प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो आणि वस्तू दुधाळ दिसू लागते. ढगातील पाण्याचा प्रत्येक थेंब पारदर्शक असूनही ढग पांढरा दिसतो, त्याचे कारण हेच.

यावरून एक नियम हाती येतो. स्फटिक होऊ शकणाऱ्या प्लॅस्टिकची वस्तू पारदर्शक हवी असेल, तर त्याला स्फटिक वाढवण्यास वेळ देता कामा नये. बाटली बनवताना आधी पीईटीची जाड नळी साच्यात ओततात. रसाचे तापमान २७० ते २८० अंशांच्या घरात असते आणि साचा मात्र थंडगार पाण्याने गार ठेवलेला असतो. पीईटीचे स्फटिक १७० अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतात. हा टप्पा झपाट्याने ओलांडून नळी सुमारे ७५ अंशांच्या खाली आणली की साखळ्या हलूच शकत नाहीत आणि नळी काचेसारखी स्वच्छ राहते. साचा पुरेसा थंड नसेल, तर नळीचा जाड भाग पांढरट होतो. हा दोष बहुधा गेटजवळ, म्हणजे नळीच्या बुडाशी, आधी दिसतो, कारण तेथे रस सर्वांत शेवटपर्यंत गरम असतो.

जाडीचा परिणाम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. थंड होण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट लागतो. त्यामुळे फार जाड आणि तरीही पारदर्शक अशी पीईटीची वस्तू ओतणे अवघड असते.

पुढच्या टप्प्यात ही नळी सुमारे १०० अंशांपर्यंत तापवून ताणतात आणि आत हवा भरून फुगवतात. तीन-चार मिलीमीटर जाडीच्या नळीपासून जेमतेम ०.३ मिलीमीटर जाडीची बाटली तयार होते. या ताणामुळेही स्फटिक बनतात, पण ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतात. त्यामुळे प्रकाश विखुरत नाही. बाटलीला स्फटिकांची बळकटी मिळते आणि पारदर्शकताही टिकते.

काही बाटल्यांत गरम पेय भरावे लागते. अशा वेळी मानेचा आकार बिघडू नये, म्हणून फक्त तेवढा भाग मुद्दाम तापवून स्फटिकी करण्याचीही पद्धत आहे. अशी बाटली हाती आली तर तिची मान पांढरी आणि अंग पारदर्शक दिसते. दोन्हीकडे प्लॅस्टिक एकच आहे. फरक आहे तो उष्णतेच्या इतिहासाचा.

पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांसाठी आणखी एक युक्ती वापरतात. त्यात सॉर्बिटॉलपासून बनवलेली काही द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळली, की स्फटिकांना वाढीसाठी असंख्य केंद्रे मिळतात. केंद्रे पुष्कळ झाली की प्रत्येक पुंजक्याच्या वाट्याला जागा कमी येते, ते लहान राहतात आणि डबा अधिक स्वच्छ दिसतो.

साच्याची कातडी

पारदर्शकता आतून येते, तशी चकाकी बाहेरून येते. साच्याचे पोलाद हिऱ्याच्या बारीक भुकटीने आरशासारखे घासलेले असेल, तर वस्तूही तशीच निघते. साच्यावर बारीक खरखर ठेवली, तर वस्तू मंद दिसते. मात्र साचा कितीही गुळगुळीत असला, तरी तो फार थंड असल्यास रसाचा बाहेरचा थर साच्याला नीट चिकटण्याआधीच थिजतो आणि पृष्ठभागावर लाटांसारख्या रेषा राहतात.

गुण्याच्या मधल्या छिद्राकडे पाहा. साच्यात त्या जागी पोलादाचा उंचवटा असतो. रसाचा प्रवाह तेथे दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा एकत्र येतो. दोन्ही प्रवाहांची टोके तोवर थंड झाली असतील, तर ती पुरती एकजीव होत नाहीत आणि केसासारखी बारीक जोडरेघ दिसते. रस आणि साचा अधिक गरम ठेवले, तर ही रेघ पुसट होते.

येथे कारागिरापुढचा पेच स्पष्ट होतो. चकाकीसाठी आणि जोडरेघ घालवण्यासाठी साचा गरम हवा, तर पीईटी स्वच्छ राहण्यासाठी तो थंड हवा. सर्व प्लॅस्टिकांना लागू पडेल अशी एकच ‘चांगली’ परिस्थिती नसते.

एका पदार्थाचे दोन अपवर्तनांक

आता सुरुवातीच्या रंगीत पट्ट्यांकडे येऊ. अस्ताव्यस्त साखळ्यांचा गुंता सर्व दिशांनी सारखा असतो. पण रस गेटमधून वेगाने पुढे धावतो, तेव्हा साच्याच्या भिंतीला टेकलेला थर थिजून जागीच थांबतो आणि मधला रस पुढे पळत राहतो. या ओढाताणीत साखळ्या ताणल्या जातात आणि केस विंचरल्याप्रमाणे प्रवाहाच्या दिशेने लागतात. त्यांना पुन्हा गुंता करायला वेळ मिळाला, तर त्या पूर्वीसारख्या होतात. पण थंड भिंतीजवळ तो वेळ मिळत नाही. त्या विंचरलेल्या अवस्थेतच थिजतात.

आता या प्लॅस्टिकला दोन वेगळ्या दिशा आहेत: साखळ्यांच्या लांबीची आणि तिला आडवी. प्रकाशाचे कंपन एका दिशेत असेल तर त्याचा वेग एक, दुसऱ्या दिशेत असेल तर वेग थोडा वेगळा. म्हणजे एकाच वस्तूला दोन अपवर्तनांक झाले. यालाच द्विअपवर्तन म्हणतात. कॅल्साइटच्या स्फटिकातून एका अक्षराची दोन अक्षरे दिसतात, तो याच गुणाचा ठळक आविष्कार. प्लॅस्टिकमध्ये फरक इतका सूक्ष्म असतो की नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही.

साखळ्यांच्या रचनेखेरीज दुसरे कारण म्हणजे वस्तूत कोंडलेला ताण. बाहेरचे थर आधी घट्ट होतात, आतला भाग नंतर थंड होऊन आकसू पाहतो, पण बाहेरचे कवच त्याला मोकळेपणी आकसू देत नाही. सपाट वस्तूकडे समोरून पाहिले, तर या ताणाचा परिणाम फारसा दिसत नाही. कडा, कोपरे, छिद्रे आणि जाडी बदलणाऱ्या जागा येथे मात्र तो उघड होतो.

दाबामुळे द्विअपवर्तन निर्माण होते, हे स्कॉटलंडचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५-१६ च्या सुमारास जेली आणि काच यांवर दाखवून दिले. पुढे अभियंत्यांनी या शोधाचा चांगला उपयोग करून घेतला. पूल किंवा यंत्राचा भाग यांची पारदर्शक प्रतिकृती करायची, तिच्यावर भार द्यायचा आणि ध्रुवित प्रकाशात ताण कोठे एकवटतो ते पाहायचे. लंडनमध्ये अर्नेस्ट कोकर यांनी सेल्युलॉइडच्या प्रतिकृती वापरून या तंत्राचा पाया भक्कम केला. प्लॅस्टिकचा कारखाना हीच युक्ती वापरतो, पण त्याला प्रतिकृतीची गरज नसते. माल स्वतःच आपला ताण दाखवतो.

रंग का दिसतात?

द्विअपवर्तनी पट्टीत शिरलेला ध्रुवित प्रकाश दोन घटकांत विभागला जातो आणि त्यांपैकी एक दुसऱ्याच्या मागे पडतो. या मागे पडण्याला आपण पिछाडी म्हणू. ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. १ नॅनोमीटर म्हणजे १ मीटरचा अब्जावा भाग. पहिल्या ध्रुवकाशी काटकोनात ठेवलेल्या दुसऱ्या ध्रुवकातून पाहताना हे दोन्ही घटक पुन्हा एका दिशेत आणले जातात आणि त्यांचे व्यतिकरण होते. पिछाडी ज्या रंगाच्या एका पूर्ण तरंगलांबीइतकी असेल, तो रंग नाहीसा होतो आणि उरलेले रंग मिळून दिसतात. उदाहरणार्थ, पिछाडी ५५० नॅनोमीटर असेल तर हिरवा जातो आणि जांभळट तांबडा दिसतो.

नकाशावरील समोच्च रेषा जशा समान उंचीची ठिकाणे जोडतात, तसा प्रत्येक रंगाचा पट्टा समान पिछाडीची ठिकाणे जोडतो. समोच्च रेषा दाट असतात तेथे चढ तीव्र असतो. पट्टे दाट असतात तेथे प्लॅस्टिकची अंतर्गत स्थिती झपाट्याने बदलत असते. गेटजवळ हे पट्टे हटकून दाट असतात.

थोडे गणित करू. २ मिलीमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलोग्रॅम वजनाइतका एकदिशीय ताण कोंडला, तर पिछाडी ८०० नॅनोमीटरच्या घरात जाते, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या एका तरंगलांबीपेक्षाही जास्त. ॲक्रिलिकमध्ये तेवढ्याच ताणाने १०० नॅनोमीटरही पिछाडी भरत नाही. आघात सोसण्यात पॉलिकार्बोनेट ॲक्रिलिकच्या फार पुढे आहे, पण ताण लपवण्यात मात्र मागे.

वर्गात करून पाहण्यासारखे

एलसीडी पडद्यातून बाहेर येणारा प्रकाश आधीच ध्रुवित असतो. त्यामुळे पहिला ध्रुवक वेगळा आणावा लागत नाही. संगणकाच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे. दुसरा ध्रुवक म्हणून ध्रुवक भिंगांचा गॉगल किंवा बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून अलगद सोडवलेली फिल्म चालेल. फिल्म डोळ्यासमोर धरून फिरवावी आणि पडदा सर्वांत काळा दिसेल तेथे थांबावे. आता पडदा आणि फिल्म यांच्यामध्ये पट्टी, गुण्या, कॅसेटची किंवा सीडीची पारदर्शक डबी धरावी आणि ती हळूहळू फिरवावी.

विद्यार्थ्यांना नुसते रंग दाखवून थांबू नये. त्यांना पुढील गोष्टी शोधायला सांगाव्यात.

१. पट्टे कोणत्या जागेपासून पसरतात? त्या जागी बोट फिरवल्यास कापलेल्या गेटची बारीक खूण लागते का?

२. गुण्याच्या छिद्राभोवती पट्ट्यांचा आकार कसा आहे? पलीकडच्या बाजूस जोडरेघ दिसते का?

३. पट्टी हाताने किंचित वाकवल्यास पट्टे सरकतात का? सोडल्यावर परत येतात का? परत येणारे पट्टे हाताच्या जोराचे आणि कायम राहणारे पट्टे साच्याचे.

४. मोठ्या तक्त्यातून कापलेला ॲक्रिलिकचा तुकडा आणि साच्यात ओतलेली डबी यांत रंग कशात जास्त आहेत?

फिल्ममधून किंवा या गॉगलमधून सूर्याकडे पाहू नये, ही सूचना मात्र आधी द्यावी.

साखळ्यांच्या ‘स्मरणशक्ती’चा एक सोपा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. पीईटीची रिकामी बाटली झाकण काढून चिमट्याने धरावी आणि नुकत्याच उकळलेल्या पाण्यात बुडवावी. बाटलीचे पातळ अंग पाहता पाहता आकसते, पण जाड मानेत तेवढा बदल होत नाही. फुगवताना ज्या भागाच्या साखळ्या ताणून थिजवल्या होत्या, तोच भाग उष्णता मिळताच मागे फिरतो.

शंभर नॅनोमीटरची मर्यादा

रंगीत पट्टे असले म्हणून पट्टीचे काही बिघडत नाही. पण १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये ध्वनिमुद्रणाची सीडी विक्रीस आली, तेव्हा हाच किरकोळ वाटणारा गुण कळीचा ठरला. सीडी म्हणजे पॉलिकार्बोनेटची १.२ मिलीमीटर जाडीची चकती. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण ही जाडी ओलांडून मागच्या चकचकीत थरावरील खाचा वाचतो आणि त्याच वाटेने परततो. अनेक प्लेअरमध्ये जाणारा आणि येणारा किरण वेगळे करण्यासाठी प्रकाशाच्या ध्रुवणाचा उपयोग केलेला असे. चकतीत द्विअपवर्तन जास्त असेल, तर परतणाऱ्या किरणाचे ध्रुवण बिघडते आणि वाचकापर्यंत पोचणारा संकेत दुबळा होतो.

म्हणून सीडीच्या मानकांत जाऊन-येऊन पिछाडी १०० नॅनोमीटरपेक्षा अधिक नसावी अशी मर्यादा घातली गेली. याचा अर्थ काय होतो ते पाहा. जाऊन-येऊन वाट २.४ मिलीमीटर, म्हणजे २४ लाख नॅनोमीटर. १०० भागिले २४ लाख म्हणजे सुमारे ०.००००४. दोन दिशांच्या अपवर्तनांकांत दशांश चिन्हानंतर पाचव्या स्थानी चारचा फरक चालेल, त्यापुढे नाही! तोही पॉलिकार्बोनेटसारख्या, थोड्याशा ताणानेही मोठी पिछाडी दाखवणाऱ्या पदार्थात, आणि दर काही सेकंदांना एक या वेगाने चकत्या काढताना.

हे साधले कसे? नेहमीपेक्षा आखूड साखळ्यांचे पॉलिकार्बोनेट घेतले गेले. त्याचा रस पातळ असतो आणि त्याच्या साखळ्या विंचरल्या गेल्या तरी चटकन पुन्हा गुंता करतात. रसाचे तापमान ३०० अंशांच्या वर नेले, साचा गरम ठेवला आणि रस चकतीच्या मध्यातून सर्व बाजूंना सारखा पसरेल अशी रचना केली. पोकळी थोडी उघडी ठेवून रस भरायचा आणि मग साचा मिटवून तो सगळीकडून सारखा दाबायचा, हा उपायही वापरला जातो. त्यात गेटमधून जोर लावून रस कोंबावा लागत नाही. प्लॅस्टिकची भिंगे घडवतानाही हीच पद्धत उपयोगी पडते, कारण भिंगाचा मधला जाड भाग उशिरा आकसतो आणि वक्रता बिघडवतो.

प्रत्येक उपायाची किंमत असते. आखूड साखळ्या घेतल्या तर वस्तूची मजबुती घटते. रस फार तापवला तर तो पिवळा पडण्याचा धोका. साचा गरम ठेवला तर वस्तू घट्ट होण्यास वेळ लागतो आणि तासाला निघणारे नग कमी होतात. भरल्यानंतरचा दाब कमी ठेवला तर ताण कमी होतो, पण वस्तूवर खळगे पडतात. घाई अजिबात नको असेल, तर साच्यात रस दाबण्याची पद्धतच सोडावी लागते. चष्म्यासाठी वापरले जाणारे सीआर-३९ हे प्लॅस्टिक १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार झाले. त्याचा द्रव दोन काचेच्या साच्यांमध्ये ओततात आणि कित्येक तास मंद तापवून घट्ट होऊ देतात. त्यात जोराचा प्रवाह नाही, म्हणून विंचरलेल्या साखळ्याही जवळपास नाहीत.

रंगांचा इशारा

द्विअपवर्तनाची काळजी केवळ भिंगे आणि चकत्या बनवणाऱ्यांनीच करावी असे नाही. हेल्मेटची समोरची काच म्हणून वापरलेले पॉलिकार्बोनेट आघात उत्तम सोसते. पण त्यात ताण कोंडलेला असेल आणि कोणी ते पेट्रोलने किंवा थिनरने पुसले, तर स्क्रूच्या छिद्राजवळ, कडेला, बारीक भेगांचे जाळे उमटू शकते. द्रावकाचे रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांची पकड सैल करतात आणि आधीच ताणलेली जागा प्रथम उकलते. ज्या ठिकाणी ध्रुवित प्रकाशात रंगांची दाटी होती, तेथेच बहुधा भेग सुरू होते. म्हणून अशा वस्तू साबणाच्या कोमट पाण्याने धुवाव्यात. कारखान्यात अशा वस्तू ध्रुवित प्रकाशात तपासतात, काही नमुने ठरावीक द्रावकांत बुडवून पाहतात आणि ताण आढळल्यास वस्तू मऊ होण्याच्या तापमानाच्या थोडे खाली काही काळ ठेवून तो उतरवतात. अशा उपायाने कोंडलेला ताण सैल होतो. विंचरलेल्या साखळ्यांचा गुंता मात्र इतक्या तापमानाला पुरता परत येत नाही. म्हणून साच्यात झालेली चूक नंतर सुधारण्यापेक्षा ती साच्यातच टाळणे श्रेयस्कर ठरते.

पुढच्या वेळी अपवर्तनांकाचा तक्ता शिकवताना फळ्यावर ‘प्लॅस्टिक’ या शब्दापुढे एक आकडा लिहून झाल्यावर विद्यार्थ्यांना विचारावे: हा आकडा कोणत्या दिशेने मोजलेला? वस्तू कशी थंड झाली होती? मग कंपासपेट्या उघडायला सांगाव्यात. उत्तराचा बराचसा भाग प्रत्येकाच्या पट्टीतच लिहिलेला सापडेल.